खालच्या खणातली रांग

प्रिय धाकटे,

पाकिटावरचे अक्षर तू ओळखले असशील, आणि ओळखूनही पाकीट फोडले असशील, तर निम्मे काम झाले असे मी समजते. सात वर्षे आपण एकमेकींशी बोललेलो नाही. या काळात तुझी खबर मला तुझ्या दादाकडून कळते आणि माझी तुला त्याच्याकडूनच कळत असणार. आपल्या दोघींत जे काही उरले आहे ते त्याच्या रविवारच्या फोनवर तग धरून आहे, आणि तो बिचारा दोन्हीकडे "बरी आहे" एवढेच सांगतो. "बरी आहे" हा कशाचाच पुरावा नव्हे. म्हणून स्वतः लिहीत आहे.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. आधी नोंदी, मग तुलना, मग शंका, आणि निष्कर्ष अगदी शेवटी. तुझे बाबा म्हणत, "हिला घराला आग लागली असं सांगायचं असलं, तरी ही आधी धुराचं वर्णन करील." ते असते तर हे पत्र वाचून त्यांनी तेच म्हटले असते आणि चष्मा पुसत उठून गेले असते. तू मात्र उठू नकोस. पत्राच्या शेवटी मी तुझ्याकडे दोन गोष्टी मागणार आहे. द्यायच्या की नाकारायच्या हे तू ठरव, फक्त सगळे वाचून ठरव.

तीन आठवड्यांपूर्वी संग्रहालयातून फोन आला. माझ्या जागेवर आता एक तरुण बाई आहे. गळ्यात काळ्या दोरीने भिंग अडकवून ती दिवसभर फिरते, म्हणून शिपाई तिला भिंगबाई म्हणतात. (मला ते मोजपट्टी म्हणत, हे मला निवृत्तीनंतर कळले. नाव अन्यायाचे नव्हते.) ती म्हणाली, "बाई, एकदा येऊन जा. फोनवर सांगण्यासारखं नाही." मी विचारले, "काही हरवले का?" ती म्हणाली, "हरवलं नाही. सापडलंय, आणि तेच अवघड झालंय."

माझे मन लगेच लाल काठाच्या डबीकडे गेले. ती तुला आठवत असेल. संग्रहालयात तुम्हा दोघांना सगळीकडे फिरायची मोकळीक होती. त्या डबीला हात लावायचा नाही एवढा एकच नियम होता, आणि तो का, हे मी कधी समजावून सांगितले नाही. आज सांगते. कोणत्याही प्राण्याला शास्त्रीय नाव देतात तेव्हा ते नाव एका विशिष्ट नगाला बांधलेले असते. त्या जातीचे लाखो जीव जन्मतात आणि मरतात, पण हे नाव नक्की कोणाचे असा वाद कधी निघालाच, तर अभ्यासकाला शेवटी त्या एका नगापाशी यावे लागते. तो कुठल्यातरी कपाटात कापसावर पडलेला असतो. त्याला आम्ही मूळ नग म्हणतो. माझ्या डबीतला मूळ नग अंगठ्याच्या नखाएवढा होता: एका गोगलगाईचा शंख, उंच, निमुळता, बुडाशी गडद तपकिरी पट्टा असलेला.

तो मला सापडला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि तुझा दादा पोटात पाच महिन्यांचा होता. या अवस्थेत टेकडी चढू नकोस असे सगळ्यांनी सांगितले होते, आणि मी कोणाचे ऐकणारी नव्हते. ओलसर पालापाचोळा उपसताना हा शंख हाताला लागला. त्या टेकडीवर बसक्या, फिकट, बिनपट्ट्याच्या गोगलगाई सगळ्यांना माहीत होत्या. त्यांचे नाव शंभर वर्षांपूर्वीच ठरलेले होते. हा शंख मात्र त्यांच्यापैकी कोणासारखा नव्हता. मी नव्या जातीचे वर्णन लिहिले. ते मान्य झाले. माझी नोकरी पक्की झाली, आणि यादीत त्या जातीच्या नावापुढे आपले आडनाव छापले गेले. त्या वर्षात मला दोन पहिल्या गोष्टी मिळाल्या, एक मूळ नग आणि एक मुलगा. दोहोंशी पुढचे सगळे ताडून पाहायचे, असे मी मनाशी कधी म्हटले नाही. पण पुढची सगळी वर्षे केले मात्र तेच.

आता एक अडचण सांगते. ती मला पहिल्या दोन वर्षांतच दिसली होती. त्याच टेकडीवर असेही शंख मिळत, जे माझ्या नगापेक्षा थोडे बसके आणि जुन्या जातीपेक्षा थोडे उंच असत. कुणाला पट्टा असे पण पुसट, कुणाला अर्ध्याच वेढ्यापुरता. हे दोन्हींपैकी कशातच बसत नव्हते. मी कपाटाच्या वरच्या खणात माझी जात ठेवली, मधल्या खणात जुनी, आणि हे सगळे खालच्या खणात ढकलून त्यावर चिठ्ठी लावली: "अनिश्चित". चार-सहा असतील तर अपवाद म्हणून सोडून देता येते. बाराव्या वर्षी खालच्या खणात दोनशे बारा शंख होते, आणि वरच्यात एकोणसाठ. ज्याला डोळे होते त्याने त्या आकड्यांवरून काय ते ओळखले असते. मी दुसरी, मोठी चिठ्ठी लिहिली.

ओळखले कोणी, हे तुला माहीत आहे. पण मला आठवते हे तुला माहीत नाही. तू नऊ वर्षांची होतीस, दादा बारा. शाळेला सुट्टी होती आणि घरी तुमच्याकडे पाहणारे कोणी नव्हते. तुम्हाला गुंतवून ठेवायला मी खालच्या खणातले शंख निम्मे-निम्मे दिले, प्रत्येकाला दोन रिकाम्या डब्या दिल्या आणि माझ्या जातीचे चित्र समोर टेकवून म्हटले, "या चित्राशी जुळेल ते एका डबीत, बाकीचे दुसऱ्या." दादाने अर्ध्या तासात काम संपवले, डब्यांवर आकडे लिहिले आणि शाबासकी मिळवली. मग तू त्याच्या डब्या उलट्या केल्यास. त्याचा आरडाओरडा मला पलीकडच्या खोलीत ऐकू आला. "आई, हिला सांग ना! माझं सगळं झालेलं काम हिने विस्कटलं!" मी आले तेव्हा दोनशे बाराच्या दोनशे बारा शंखांची एक रांग लांब टेबलावर खिडकीपासून दारापर्यंत गेलेली होती. खिडकीकडे सर्वांत बसका, दाराकडे सर्वांत उंच. टेबल संपले तेथून पुढे दोन स्टुलांवर उरलेले. मधे कुठेही फट नव्हती. कोणतेही दोन शेजारी घेतले असते, तरी मला ते वेगळे सांगता आले नसते.

तू म्हणालीस, "आई, मधे कुठे थांबायचं ते सांग ना. मला थांबायला जागाच मिळत नाहीये." दादा म्हणाला, "अगं वेडे, डब्या दोन दिल्यात म्हणजे ढीग दोनच असणार!" तू त्याला म्हणालीस, "डब्या आईने दिल्यात. यांनी थोड्याच मागितल्यात?" आणि मग माझ्याकडे वळून, हळूच, "मला तरी ही सगळी एकाच घरातली वाटतात."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "रांग कोणी लावायला सांगितली होती? पसारा आवर." तू ते दोनशे बारा शंख फ्रॉकच्या ओच्यात गोळा केलेस आणि खणात परत ओतलेस. ओततानाचा तो आवाज, वाळूवरून खडी सरकावी तसा, मला एकोणतीस वर्षांनंतरही ऐकू येतो. त्या टेबलावर माझ्या चुकीचा संपूर्ण, निर्विवाद पुरावा मांडलेला होता. तो मी माझ्याच मुलीला आवरायला लावला.

पुढचे थोडक्यात लिहिते, कारण ते तू सोसलेले आहेस आणि मी केवळ पाहिलेले. दादा अभियंता झाला. तू जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेस आणि एका म्हाताऱ्या मास्तरांच्या हाताखाली शिवणकाम शिकायला बसलीस. मी तुला अडवले नाही. त्याहून वाईट केले, तुझ्या कामाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. तुझे स्वतःचे दुकान झाले तेव्हा बाबांच्या आग्रहाखातर एकदा आले. भिंतीवर खिळ्यांना खाकी कागदाचे शेकडो फर्मे टांगलेले होते, एकेका गिऱ्हाइकाचा एकेक, वर पेन्सिलीने खुणा. माझी जन्माची खोड, मी म्हटले, "यांचे चार-पाच आकारांत गट का पाडत नाहीस? केवढी जागा वाचेल." तू म्हणालीस, "अगं आई, ही माणसं आहेत." मी म्हटले, "माणसांचीही सरासरी काढता येते." त्यावर तू कातर खाली न ठेवता म्हणालीस, "सरासरी मापाचं गिऱ्हाईक अजून माझ्या दुकानात आलेलं नाही. आलं की तुला फोन करते." मशिनवर बसलेले तुझे मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत हसले. बाबा तर मोकळेपणाने हसले. मी हसले नाही, कारण विधान चुकीचे आहे असे मला सिद्ध करता येत नव्हते आणि बरोबर आहे असे मान्य करायचे नव्हते.

आणि मग कोट. निवृत्तीच्या समारंभासाठी तू मला कोट शिवणार होतीस. तू टेप घेऊन घरी आलीस. "आई, दोन मिनिटं नीट उभी राहा, माप घेते." मी टेबलावरून न उठता म्हटले, "चाळीस वर्षे मी मोजते आहे. मला कोणी मोजायचे नाही. मध्यम आकाराचा शिव." तू दारात थोडा वेळ उभी राहिलीस, मी कागद चाळत इकडून तिकडे फिरले तेवढे पाहिलेस, आणि गेलीस. पंधरा दिवसांनी कोट आला, राखाडी लोकरीचा, आतून तपकिरी अस्तराचा. मी तो खुंटीला लावला आणि माझ्या डोळ्यांना लगेच खुपले की डावा खांदा उजव्याहून खाली आहे. मी कोट टेबलावर पसरला आणि कपाटातून कॅलिपर काढला. फरक तेरा मिलिमीटर होता. मी तुला फोन करून सांगितले, "शिवण सुबक आहे, पण खांदे सारखे नाहीत. तयार कोटात अशी चूक नसते." तू विचारलेस, "घालून पाहिलास?" मी म्हणाले, "मोजून पाहिला. घालायची गरज नाही."

समारंभाला मी दुकानातला कोट घालून गेले. तू आलीस, कोट पाहिलास. मग पाहुण्यांपैकी कोणीतरी मुलांविषयी विचारले आणि मी म्हटले, "हा मुलगा, पूल बांधतो. आणि ही धाकटी. अपवाद काय, सगळीकडेच असतात." सगळे हसले. तूही हसलीस. नंतर हातातली बशी तू टेबलाच्या कडेला फार जपून ठेवलीस, जणू ती फुटली तर तुझ्याकडून भरून घेतली जाईल, आणि निघून गेलीस. एवढे सगळे मी पाहिले होते. निरीक्षणात मी कधीच कमी पडले नाही.

आता भिंगबाईकडे परत येते. तिने मला मागच्या खोलीत नेले, जिथे आपण पूर्वी रिकामे खोके ठेवत असू. तिथे काचेच्या पेट्या मांडलेल्या होत्या, तळाशी ओली माती, वर पाने, चुन्याचे खडे. दोन वर्षांपूर्वी तिने त्या टेकडीवरून जिवंत गोगलगाई आणल्या होत्या. प्रत्येकीला वेगळे ठेवले, अंडी घालू दिली, आणि त्या अंड्यांतून निघालेली पिल्ले आईनुसार वेगळी वाढवली. ही साधी गोष्ट मला तीन दशकांत सुचली नव्हती. मी शंख मोजत होते. शंख हे गोगलगाय मेल्यावर उरते ते. तिच्या पुढच्या पिढीविषयी तो काही सांगत नाही.

ती म्हणाली, "बाई, ही सातवी पेटी. एकच आई, एकाच वेळची अंडी. सदतीस घातली होती, एकोणतीस वाढली." मग तिने एक काचपट्टी पाण्याने ओली केली, आणि त्या एकोणतीस भावंडांना एकेक करून तीवर ठेवू लागली. मी तिला मधेच थांबवले. म्हटले, "थांब, मी लावते." माझ्या बोटांना काय करायचे ते आधीच ठाऊक होते. सर्वांत बसकी खिडकीकडे. सर्वांत उंच, निमुळती, पट्टेवाली दाराकडे. माझी जात एका टोकाला, जुनी जात दुसऱ्या टोकाला, आणि मधे सगळा खालचा खण. एकाच आईच्या पोटचा.

धाकटे, मी आयुष्यात पुष्कळ सुंदर वस्तू पाहिल्या आहेत आणि त्यांच्यापुढे माझा आवाज कधी बदललेला नाही. त्या दिवशी बदलला. त्या स्थिर राहत नव्हत्या, हे एक. शंख जागच्या जागी राहतात, गोगलगाई राहत नाहीत. मी लावलेली रांग काही मिनिटांत हलू लागली. एकेकीने शिंगे बाहेर काढली, आणि ती शिंगेसुद्धा एकसारखी नव्हती. एकीचे डावे आधी निघे, एकीचे दोन्ही मिळून. एक काचेच्या कडेपर्यंत जाऊन थबकली, दुसरी तिच्याच पाठीवर चढली. मी भिंग मागितले. एका शंखाच्या वेढ्यावर आडवा व्रण होता, लहानपणी कधीतरी कड फुटली असेल आणि तिने ती स्वतःच सांधून पुढे वाढवली असेल. दुसरीच्या वेढ्यांत एक पट्टी दाट रेषांची होती. भिंगबाई म्हणाली, त्या आठवड्यात तिला ताप आला होता आणि पेट्यांना पाणी घालायला कोणी नव्हते. एका माणसाचा ताप एका गोगलगाईच्या शंखात लिहिलेला मी वाचत होते. आई-बापांकडून आलेला वारसा प्रत्येक अंड्यात नव्याने पिसला जातो. तो उतरवताना कुठे एखादे अक्षर चुकते. मग माती, चुना, ऊन, अपघात हे सगळे आपापली सही करतात. एकोणतीस वेळा, एकाच पेटीत. आणि तरीही कोणीही पाहावे आणि म्हणावे, ही सगळी एकाच घरातली.

आपल्या बोलण्यात दोन म्हणी आहेत. एक म्हणते, खाण तशी माती. दुसरी म्हणते, व्यक्ती तितक्या प्रकृती. संग्रहालयात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी या दोन्ही फळ्यावर लिहून देत असे आणि विचारत असे, यांतली खरी कोणती? दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा असतील? मी स्वतः पहिलीच्या बाजूची होते. सातव्या पेटीपुढे बसून मला उमगले की प्रश्नच चुकीचा विचारला होता. खाण आणि माती जुळतात ती मिसळणीत. हुबेहूबपणाची हमी तिथे कोणी दिलेलीच नव्हती. जात म्हणजे साचा आणि जीव म्हणजे त्या साच्यातून कमी-अधिक बिघडून निघालेल्या प्रती, असे मी मानत आले. प्रत्यक्षात कोणी साचा पाहिलेला नाही. पाहायला मिळतात ते एकेकटे जीव, कोणीही दुसऱ्याची प्रत नसलेले. साचा आम्ही मागाहून, सोयीसाठी, कागदावर काढतो, आणि पुढे तोच खरा असे समजून बसतो. तुझ्या दुकानातला खाकी कागद माझ्या चित्रापेक्षा सत्याच्या जास्त जवळ होता.

भिंगबाईने मग मला एक आलेख दाखवला. तिन्ही खणांतले सगळे शंख तिने मोजले होते, आठशेच्या वर, आणि प्रत्येकाचा एक ठिपका काढला होता. दोन ढीग कुठेच नव्हते. एकच टेकाड होते, मधे उंच, दोन्हीकडे उतरते. मी विचारले, "यात माझा मूळ नग कुठे आहे?" तिने बोट ठेवले: उजव्या उताराच्या शेवटी, पुढे फक्त दोन ठिपके. ज्याच्याशी मी सगळ्यांना ताडून पाहत आले, तो स्वतःच सर्वांहून वेगळा होता. मूळ नगाला आदर्श असावे लागत नाही, हे आमच्या नियमांत स्वच्छ लिहिलेले आहे. मी ते शिकवलेही आहे. तो पहिला सापडलेला असतो, एवढीच त्याची पात्रता.

त्या रविवारी मी दादाला हे फोनवर सांगितले, अगदी मूळ नगासकट. मला वाटले, तो दुखावेल. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "आई, धाकटीला तू माझ्याशी ताडलंस. मला कोणाशी ताडायचीस ते मला कधी कळलंच नाही. मी आपला चित्रासारखा बसून राहिलो." माझा समज होता की मी एकाच मुलावर अन्याय केला. तो आकडाही दुरुस्त करावा लागला.

जातीचे म्हणशील, तर निर्णय सोपा आहे. जुने नाव राहते, नवे मिटते. मिटते म्हणजे पुसले जात नाही. आमच्या शास्त्रात चूक खोडायची सोय नाही. जुन्या नावाखाली माझे नाव बारीक अक्षरांत पर्याय म्हणून कायमचे छापले जाईल, आपल्या आडनावासह. भिंगबाईने फार संकोचून विचारले, "बाई, लेख मी लिहू का तुम्ही?" मी म्हटले, "चूक माझी आहे, ती दुसऱ्याच्या अक्षरात शोभणार नाही." लेख लिहून झाला आहे. पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला मी तो संग्रहालयाच्या सभागृहात वाचणार आहे, त्याच लोकांसमोर, जे त्या समारंभात हसले होते.

तर पहिली मागणी. लेखात एक वाक्य आहे: "ही सर्व रूपे एकाच अखंड रांगेत बसतात, हे प्रथम दाखवून दिले ते खालच्या खणातील दोनशे बारा नगांच्या मांडणीने, ती मांडणी एका नऊ वर्षांच्या मुलीची होती आणि ती प्रस्तुत लेखिकेने आवरायला लावली." यात तुझे पूर्ण नाव घालायची परवानगी हवी आहे. हे मी कौतुकाने करत नाही. शोध ज्याचा त्याच्या नावावर जावा, हा नियम आहे, आणि मी नियम पाळणारी आहे.

दुसरी मागणी लिहायला मला चार दिवस लागले, आणि खरे तर हे सगळे पत्र तिच्यासाठीच आहे. संग्रहालयातून आले त्या संध्याकाळी मी कपाट उघडले आणि तुझा कोट बाहेर काढला. सात वर्षे तो कापडी पिशवीत होता, टाकून देण्याचे कारण पूर्ण सिद्ध असूनही टाकलेला नव्हता. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारले नव्हते. तो मी आरशासमोर उभी राहून अंगात घातला. धाकटे, दोन्ही खांदे सारखे बसले. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. मी कोट काढला, आरशाच्या जवळ गेले आणि आयुष्यात प्रथम स्वतःचे खांदे पाहिले. डावा खाली आहे. चाळीस वर्षे त्याच बाजूने खणांवर वाकले, त्याच खांद्याला पिशवी लावून टेकडी चढले, असणारच. तू टेप न लावता, मी कागद चाळत फिरत होते तेवढ्यात, दारातून ते पाहिलेस आणि तेरा मिलिमीटर बेतलेस. मी कोट मोजला, स्वतःला मोजले नाही. अठरा तारखेला मला तो घालायचा आहे. खांद्यांना हात लावू नकोस, ते बरोबर आहेत. पाठीत मात्र आता तो ओढतो, कारण सात वर्षांत मी वाकले आहे. तिथली शिवण उसवून थोडी सैल करावी लागेल, असे मला वाटते, पण ते माझे मत आहे आणि या विषयात माझ्या मताला किंमत नाही. टेप घेऊन येशील का? कोट कपाटाबाहेर, खुंटीला आहे. तू म्हणशील तितका वेळ उभी राहीन.

तुझीच, आणि तुझ्या हातून मोजून घ्यायला सात वर्षे उशिरा तयार झालेली,
आई